‘मुलीच्या रक्तातच दोष आहे’ म्हणणाऱ्यांना काय सांगू?

ताई,
मी राजारामपुरीत राहते. वय 27, एका पतसंस्थेत नोकरी. इचलकरंजीच्या मुलाशी माझं लग्न ठरलंय, सुपारी फुटली, कार्यालयही बघून झालं. मध्यंतरी आमच्याकडे तपासणी शिबिर झालं. त्यात माझं हिमोग्लोबिन 10.4 निघालं, म्हणून पुढची तपासणी केली, तर एचबी ए-टू 5.2 टक्के आणि खाली ‘थॅलेसेमिया मायनर’ असं लिहून आलं. मी मुलापासून काही लपवलं नाही. त्यानं घरी सांगितलं आणि त्याच्या आईनं निरोप धाडला, ‘मुलीच्या रक्तातच दोष आहे.’ पप्पांनी मुलाचीही तपासणी करू या म्हटलं, तर त्यांना तो अपमान वाटला. इकडे आत्या म्हणते, आपल्या घराण्यात असलं कधी नव्हतं, हे वहिनीच्या माहेरचं आलंय. मोडली सोयरीक तर मोडू दे, माझ्या पोराशी घरातल्या घरात उरकून टाकू, तो कसला रिपोर्ट मागतोय! शेजारच्या काकू सांगतात, रक्त बदलून घेतलं की जातं. आई दिवसभर रडते. माझ्यात खरंच दोष आहे का? हे बरं होतं का? आणि उद्या दुसरं स्थळ आलं तर सांगायचं की गप्प बसायचं?
– एक वाचक, कोल्हापूर

प्रिय मुली,

आधी आईचं रडणं थांबवू या. थॅलेसेमिया म्हणजे शरीरात हिमोग्लोबिन कमी बनण्याचा, आई-बापांकडून येणारा विकार. एचबी ए-टू हा हिमोग्लोबिनचाच एक प्रकार, तो साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेला की त्या माणसाला बीटा थॅलेसेमियाचा वाहक म्हणतात. तू वाहक आहेस, रुग्ण नाहीस. मायनर म्हणजे नुसतं वाहक असणं, मेजर म्हणजे आयुष्यभर रक्त चढवावं लागणारा आजार. मायनरचं पुढं मेजर होत नाही, कधीच नाही. नोकरी, संसार, बाळंतपण, सगळं चारचौघींसारखं होईल. गरोदरपणात हिमोग्लोबिनवर थोडं जास्त लक्ष ठेवावं लागेल, एवढंच. आपल्या देशात 100 माणसांत साधारण 3 ते 4 जण असे वाहक आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही. एक मात्र कर. हिमोग्लोबिन कमी दिसलं की कुणीही लोहाच्या गोळ्या लिहून देतं. फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याची, तपासणी करून लोह खरंच कमी आहे असं दिसलं तरच त्या घे. वाहक असल्यामुळे कमी असलेलं हिमोग्लोबिन गोळ्यांनी चढत नाही, कारण ती कमतरता लोहाची नसतेच.

आता काकूंकडे येते. त्यांना नावं ठेवू नकोस. आई-बापाचे गुण रक्तातून मुलात उतरतात, ही समजूत जगभर होती आणि मोठमोठ्या माणसांनी ती गंभीरपणे तपासून पाहिली आहे. 1868 साली चार्ल्स डार्विननं एक तर्क मांडला. शरीराच्या प्रत्येक भागातून सूक्ष्म कण सुटतात, ते जननेंद्रियांत गोळा होतात आणि तिथून पुढच्या पिढीत जातात, असा. त्याच्या नात्यातल्या फ्रान्सिस गाल्टनला वाटलं, कण फिरत असतील तर रक्तातूनच फिरत असणार. मग त्यानं रुपेरी-करड्या रंगाच्या सशांमध्ये दुसऱ्या जातीच्या सशांचं रक्त भरलं आणि त्यांची पिल्लं होऊ दिली. पिल्लं आपल्या आई-बापांसारखी रुपेरी-करडीच निघाली. 1871 मध्ये गाल्टननं निष्कर्ष छापला: रक्त बदलून वंश बदलत नाही. डार्विननं उत्तर दिलं, की कण रक्तात असतात असं मी म्हटलंच नव्हतं. तर्क त्यानं सोडला नाही, पण रक्ताचा मुद्दा तिथं निकालात निघाला.

याचं कारण आज आपल्याला नेमकं माहीत आहे. रक्ताला लाल रंग देणाऱ्या पेशींमध्ये केंद्रकच नसतं. वारसा ज्यात लिहिलेला असतो ते डीएनए केंद्रकात असतं, म्हणजे तांबड्या पेशी वारशाच्या दृष्टीनं कोऱ्याच. त्या सुमारे 120 दिवस जगतात आणि तुझ्या हाडांमधला मगज त्यांच्या जागी नव्या पेशी तयार करत राहतो, तुझ्याच डीएनएप्रमाणे. उद्या तुला दहा बाटल्या रक्त चढवलं तरी काही महिन्यांत तुझं रक्त पुन्हा तुझंच असेल. त्यामुळे रक्त बदलून हे जात नाही, आणि तुझ्या बाबतीत घालवण्यासारखं त्यात काही नाहीही. जखमेच्या पुवात ज्या पांढऱ्या पेशी असतात त्यांना मात्र केंद्रक असतं. जर्मनीतल्या ट्युबिंगनमध्ये फ्रीडरिश मीशर या तरुणानं 1869 साली इस्पितळातल्या पट्ट्या धुऊन त्याच पेशी गोळा केल्या, त्यांच्या केंद्रकांतून फॉस्फरस असलेला एक पदार्थ वेगळा काढला आणि त्याला न्यूक्लीन म्हटलं. वारशाचा मूळ पदार्थ माणसाच्या हाती आला तो असा, घाणेरड्या पट्ट्यांतून. तो काय काम करतो हे कळायला पुढं पाऊणशे वर्षं गेली.

आत्याचं म्हणणं आहे, ‘घराण्यात असलं कधी नव्हतं.’ तिला दिसलं नाही, एवढंच त्यातलं खरं आहे. न दिसणारी गोष्ट पिढ्यान्पिढ्या टिकून राहते, हे ग्रेगोर मेंडेलनं वाटाण्याच्या रोपांवर दाखवलं. गोल बियांचं आणि सुरकुतलेल्या बियांचं वाण त्यानं एकमेकांत मिसळलं. पहिल्या पिढीत झाडून सगळ्या बिया गोल. सुरकुती संपली असंच कुणालाही वाटलं असतं. त्यानं त्याच पिढीतून दुसरी पिढी घेतली आणि बिया मोजल्या: 5,474 गोल, 1,850 सुरकुतलेल्या. तिनास एक. म्हणजे सुरकुतीचा घटक मधल्या पिढीत जसाच्या तसा होता, नुसता झाकला गेला होता. प्रत्येक गुणासाठी दोन घटक, एक आईकडून आणि एक बापाकडून, असा त्याचा हिशेब. ब्र्युन शहरात 1865 साली त्यानं तो वाचून दाखवला आणि कुणीही दखल घेतली नाही. 1884 मध्ये तो वारला. 1900 साली तीन वेगवेगळ्या शास्त्रज्ञांना तोच हिशेब पुन्हा सापडला, तेव्हा कुठं त्याचं नाव झालं. 1902 साली, ज्या वर्षी शाहू महाराजांनी करवीर संस्थानात नोकरीच्या निम्म्या जागा मागासलेल्या समाजांसाठी राखल्या, त्याच सुमाराला अमेरिकेत वॉल्टर सटन हा विद्यार्थी नाकतोड्याच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली न्याहाळत होता. पेशीतली गुणसूत्रं जोडीनं असतात आणि बीजपेशी तयार होताना जोडीतलं एकेकच पुढं जातं, हे पाहून मेंडेलचे घटक याच गुणसूत्रांवर असणार असं त्यानं मांडलं.

तुझ्या थॅलेसेमियाचा घटक 11 क्रमांकाच्या गुणसूत्रावर आहे. तो आईकडून आला असेल किंवा पप्पांकडून. दोघांपैकी ज्यांच्याकडून आला त्यांच्याही घरात तो पणजी-आजीपासून चालत आला असेल, आणि एखादी ‘नेहमीच फिकट दिसणारी’ काकी किंवा मावशी तीच खूण अंगावर बाळगत असेल. कुणाचं माहेर आणि कुणाचं सासर, याचा निकाल भांडून लागणार नाही. तुझ्या आई-वडिलांची तीच तपासणी केली की लागेल. ती करून घ्याच. आईला दोष देण्यासाठी म्हणून सांगत नाही, त्यातून पुढचे निर्णय सोपे होणार आहेत. कसे ते आत्याच्या मुलाबद्दल बोलताना सांगते.

‘माझ्यात दोष आहे का’ हा तुझा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला, म्हणून त्यावर जरा थांबते. त्याचं उत्तर समजायला वारसा डीएनएत लिहिलेला असतो हे कसं कळलं, ते आधी बघू.

1928 साली लंडनमध्ये फ्रेडरिक ग्रिफिथ न्यूमोनियाच्या जंतूंवर काम करत होता. त्या जंतूंचे दोन प्रकार होते: एक कवच असलेला, उंदीर मारणारा, दुसरा कवच नसलेला, निरुपद्रवी. त्यानं मारक जंतू उष्णतेनं मारले, निरुपद्रवी जिवंत जंतूंबरोबर उंदराला टोचले, आणि उंदीर मेला. त्याच्या अंगात जिवंत, कवचवाले जंतू सापडले आणि त्यांची पुढची पिढीही कवचवालीच निपजली. मेलेल्या जंतूंनी जिवंत जंतूंना वारसा दिला होता. कशाच्या रूपात? न्यूयॉर्कच्या रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये ओसवाल्ड एव्हरीनं या प्रश्नाचा वर्षानुवर्षं पिच्छा पुरवला. मेलेल्या जंतूंचा अर्क घ्यायचा, त्यातला एकेक पदार्थ नष्ट करायचा आणि वारसा अजून पोहोचतो का ते बघायचं. प्रथिनं नष्ट केली, वारसा पोहोचला. आरएनए नष्ट केलं, तरी पोहोचला. डीएनए नष्ट करणारं एन्झाइम घातलं आणि थांबला. 1944 साली कॉलिन मॅक्लिऑड आणि मॅक्लिन मॅकार्टी यांच्यासह त्यानं हे प्रसिद्ध केलं तेव्हा तो 66 वर्षांचा होता. पुष्कळांना ते पटलं नाही. प्रथिनांमध्ये 20 प्रकारचे घटक असतात, डीएनएत तर फक्त चार. चार अक्षरांत माणूस कसा मावेल, असा त्यांचा सवाल होता. एव्हरीला नोबेल मिळालं नाही. मला विचारशील तर विसाव्या शतकातला सगळ्यात सचोटीचा प्रयोग म्हणून मी याच प्रयोगाचं नाव घेईन.

पुढं पटापट घडलं. डीएनएच्या चार घटकांना, म्हणजे त्याच्या चार अक्षरांना, ए, टी, जी आणि सी म्हणतात. एर्विन शारगाफनं दाखवलं की डीएनएत ए जितकं तितकंच टी, आणि जी जितकं तितकंच सी. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये रोझलिंड फ्रँकलिन आणि तिचा विद्यार्थी रेमंड गॉसलिंग यांनी 1952 साली डीएनएचं जे क्ष-किरण चित्र घेतलं, त्यात सर्पिलाची खूण स्वच्छ दिसत होती. ते चित्र तिच्या नकळत केंब्रिजमधल्या जेम्स वॉटसनला दाखवलं गेलं. 25 एप्रिल 1953 ला वॉटसन आणि त्याचा सहकारी फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची दुपेडी रचना जाहीर केली: ए समोर टी, जी समोर सी, त्यामुळे दोन पेड सुटले की प्रत्येकावरून दुसरा जसाच्या तसा बनवता येतो. फ्रँकलिन 1958 साली, अवघ्या 37 व्या वर्षी गेली. 1962 चं नोबेल तिच्याविना दिलं गेलं. मग उरलं ते अक्षरं वाचणं. तीन-तीन अक्षरांचा एकेक शब्द आणि प्रत्येक शब्दाला प्रथिनाचा एक घटक, हा कोश पुरा करणाऱ्यांत आपले हर गोविंद खुराना होते, पंजाबातल्या एका खेड्यातल्या पटवाऱ्याचा मुलगा. 1968 साली त्यांना नोबेल मिळालं.

आणि वारशातला बदल म्हणजे नेमकं काय, हे पहिल्यांदा समजलं ते हिमोग्लोबिनमुळेच, तुझ्या रिपोर्टवर ज्याचं नाव आहे त्याच प्रथिनामुळे. सिकल सेल या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात. 1949 मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की अशा रुग्णांचं हिमोग्लोबिन विजेच्या क्षेत्रात वेगळ्या गतीनं सरकतं, म्हणजे आजार रेणूत आहे. 1956 साली केंब्रिजमध्ये व्हर्नन इनग्रॅमनं निरोगी आणि आजारी हिमोग्लोबिनचे एन्झाइमनं तुकडे केले आणि ते कागदावर पसरवले. दोन्ही कागदांवर ठिपक्यांची जवळपास तीच नक्षी होती. एकच ठिपका सरकलेला. त्या तुकड्यात प्रथिनाचा एकच घटक बदलला होता, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. 146 घटकांच्या साखळीत एक, आणि त्यामागं डीएनएचं एक अक्षर.

बीटा थॅलेसेमियात साखळीचा घटक सहसा बदलत नाही, साखळी कमी बनते. ही साखळी कशी बनवायची ते डीएनएच्या ज्या तुकड्यात लिहिलेलं असतं तो जीन, म्हणजेच मेंडेलचा घटक. त्या जीनची लांबी सुमारे 1,600 अक्षरं. माणसाचा सगळा मजकूर 300 कोटी अक्षरांचा. भारतात सर्वाधिक आढळणारा जो बदल आहे त्यात जीनच्या एका ठिकाणी ‘जी’ ऐवजी ‘सी’ असतं. ते अक्षर अशा मजकुरात येतं जो प्रथिन बनण्यापूर्वी कापून टाकायचा असतो. अक्षर बदललं की कापायची जागा चुकते आणि बहुतेक संदेश वाया जातो. तुझ्यात यातलाच एखादा बदल असेल, 11 क्रमांकाच्या दोन गुणसूत्रांपैकी एकावर. दुसऱ्यावरचा जीन धडधाकट आहे. स्वयंपाकघरात दोन चुली असाव्यात आणि एक विझत आलेली असावी, तसं. एका चुलीवर घरचा स्वयंपाक होतो, जरा वेळ लागतो. दोन्ही विझल्या तरच घर उपाशी राहतं.

हा बदल इतक्या माणसांत टिकून का राहिला, यावर जे. बी. एस. हॉल्डेन या ब्रिटिश शास्त्रज्ञानं 1949 मध्ये एक अंदाज मांडला: वाहकांना हिवतापापासून काहीसं संरक्षण मिळत असणार. पुढच्या संशोधनानं त्याला बळ दिलं. हा हॉल्डेन नंतर भारतात आला, इथलं नागरिकत्व घेतलं आणि 1964 साली भुवनेश्वरला वारला. तेव्हा तुझ्या होणाऱ्या सासूबाई ज्याला दोष म्हणतात, त्यानं कदाचित तुझ्या एखाद्या पूर्वजाला हिवतापाच्या साथीत जगवलं असेल. तुझ्यात दोष नाही, मुली. एका अक्षराचा फरक आहे आणि असे फरक प्रत्येकाच्या अंगात आहेत, त्या बाईंच्याही.

आता लग्नाचं. सगळं त्या मुलाच्या तपासणीवर अवलंबून आहे. तो वाहक नसेल, तर तुमच्या एकाही मुलाला मेजर होणार नाही. प्रत्येक मुलाला तुझ्यासारखं मायनर असण्याची शक्यता निम्मी. तोही वाहक असेल, तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता मेजरची, आणि पहिलं मूल निरोगी झालं म्हणून दुसऱ्याच्या वेळची शक्यता कमी होत नाही. मेजर झालेलं बाळ जन्मताना ठीक असतं, कारण त्याच्या अंगात अजून गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. मग सहा महिन्यांपासून दोन वर्षांच्या आत ते फिकं पडायला लागतं. त्यानंतर दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त, आणि त्यातून साचणारं लोह बाहेर काढायची औषधं, आयुष्यभर. अस्थिमज्जा रोपणानं काही मुलं पूर्ण बरी होतात. त्यासाठी जुळणारा दाता लागतो आणि मोठा खर्च.

म्हणून मुलाशी थेट बोल, मोठ्यांमार्फत नको. त्याला सांग, ‘तुमच्यात काही शोधायचंय म्हणून म्हणत नाही, आपल्या मुलांसाठी म्हणतेय.’ सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एचपीएलसी (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी तपासणी), एकदाच रक्त द्यायचं. सीपीआर रुग्णालयात चौकशी करा किंवा चांगल्या लॅबमध्ये जा. त्याचं लोह कमी असेल तर एचबी ए-टू खरं असतं त्यापेक्षा कमी दिसू शकतं, हे डॉक्टरांना आठवणीनं विचारा. सिकल सेल किंवा हिमोग्लोबिन ई (हिमोग्लोबिनचा आणखी एक बदललेला प्रकार) याचा वाहक निघाला तरी सल्ला घ्यावाच लागतो, आणि एचपीएलसीत तेही दिसतं.

दोघंही वाहक निघालात तरी लग्न मोडायलाच हवं असं मी म्हणणार नाही. आधी दोघांच्या डीएनएतला नेमका बदल शोधून ठेवायचा. परळच्या केईएम आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेत हे काम होतं. मग गरोदरपणाच्या साधारण 10 ते 12 आठवड्यांत वारेचा बारीक नमुना घेऊन बाळाला मेजर आहे का ते कळतं. गर्भलिंग निदानाला बंदी घालणारा कायदा या तपासणीला परवानगी देतो, त्यात हिमोग्लोबिनच्या आजारांचा स्पष्ट उल्लेख आहे. बाळाला मेजर निघालं तर काय करायचं, हा कठीण निर्णय आहे आणि तो तुम्हा दोघांचा आहे. लग्नाआधी त्यावर मोकळेपणानं बोला. आणि मुलगा एकदा बोटभर रक्त द्यायलाही तयार नसेल, आई म्हणते म्हणून तुलाच दोषी धरत असेल, तर ही सोयरीक तू मोड. कार्यालयाची आगाऊ रक्कम गेली तर जाऊ दे.

आत्याचा प्रस्ताव प्रेमापोटी असेल, पण तोच सगळ्यात धोक्याचा आहे. पप्पा वाहक निघाले, तर आत्या वाहक असण्याची शक्यता निम्मी आणि तिच्या मुलाची चारातली एक. बाहेरच्या मुलात ती 100 त 3-4 असते. दोन्हींतला फरक तूच बघ. आतेभावा-मामेबहिणीत एकूण आठवा हिस्सा वारसा सारखा असतो, त्यामुळे इतर झाकलेले आजारही एकत्र येण्याची भीती जास्त. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्नाची रीत आहे, ती तिकडेही होती. डार्विननं 1839 साली मामाच्याच मुलीशी, एमाशी, लग्न केलं. त्यांना दहा मुलं झाली, त्यातली तीन लहानपणीच गेली, आणि आपल्या नात्यामुळे तर मुलं अशक्त निघाली नाहीत ना, ही चिंता त्याला आयुष्यभर राहिली. जनगणनेत नात्यातल्या लग्नांची नोंद घ्या, असा आग्रह त्यानं 1870 मध्ये धरला होता. संसदेनं तो मानला नाही. तुझा आतेभाऊ रिपोर्ट मागत नाही, याला गुण समजू नकोस. आई वाहक निघाली आणि पप्पा नाही, तर या घटकापुरता धोका कमी होतो. तरी त्याची तपासणी केल्याशिवाय हो म्हणू नकोस.

लपवायचं का? नाही. बायोडेटात लिहायची गरज नाही. पण बोलणी पुढं सरकली, पसंती झाली, की सुपारीच्या आधी मुलाला स्वतः सांग आणि त्याच बैठकीत त्याच्या तपासणीचं विचार. लपवून केलेल्या लग्नात नुकसान होतं ते न जन्मलेल्या मुलाचं, आणि ते तुला सहन होणार नाही, हे तुझ्या पत्रावरूनच कळतं.

तुला भाऊ-बहीण असतील तर त्यांचीही एचपीएलसी आताच करून घे, त्यांची स्थळं बघायला लागण्यापूर्वी. आई-वडिलांचे रिपोर्ट आले की मला पुन्हा लिही. त्याचा अर्थ सासूबाईंना समजेल अशा शब्दांत एक चिठ्ठी मी लिहून देईन, मुलाच्या हाती दे.

तुझी,
ताई